शस्त्रास्त्रबंदी

शस्त्रास्त्रबंदी म्हणजे एखाद्या देशाला, प्रदेशाला, संघटनेला किंवा व्यक्तीला शस्त्रे, दारूगोळा व इतर लष्करी साहित्य पुरविण्यास आंतरराष्ट्रीय पातळीवर घातलेली मनाई होय. ही मनाई संयुक्त राष्ट्रसंघाची सुरक्षा परिषद, युरोपीय संघासारखी प्रादेशिक संघटना किंवा एखादे राष्ट्र स्वतंत्रपणे घालू शकते. चालू युद्धाची तीव्रता कमी करणे, एखाद्या राजवटीला धोरण बदलण्यास भाग पाडणे, नागरिकांवरील अत्याचारांना आळा घालणे आणि बंडखोर वा दहशतवादी गटांची रसद तोडणे ही तिची प्रमुख उद्दिष्टे असतात.

जवळजवळ प्रत्येक शस्त्रास्त्रबंदीच्या ठरावात काही अपवाद नमूद केलेले असतात. शांतिसैनिकांची शस्त्रे, मदतकार्यकर्त्यांची संरक्षक साधने, मान्यताप्राप्त शासनाच्या सुरक्षा दलांसाठी लागणारे साहित्य यांना बहुधा सूट दिली जाते. बंदीचा प्रत्यक्ष परिणाम मनाईच्या मुख्य वाक्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, या अपवादांच्या शब्दरचनेवर अवलंबून असतो. तसेच बंदी लागू होते त्या क्षणी कोणत्या पक्षाजवळ किती शस्त्रे आहेत, हेही निर्णायक ठरते. सर्वांना सारखी लागू असलेली बंदी सर्वांवर सारखाच परिणाम करते असे नाही. १९९१ ते १९९५ या काळातील बोस्निया हे याचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण आहे.

संज्ञा व व्याप्ती

शस्त्रास्त्रबंदी आणि नाकेबंदी या भिन्न गोष्टी आहेत. नाकेबंदीत लष्करी बळाने एखाद्या देशाचे बंदर किंवा किनारा अडविला जातो. शस्त्रास्त्रबंदी मात्र मुळात शस्त्रे विकणाऱ्या, वाहून नेणाऱ्या व मध्यस्थी करणाऱ्या देशांवरील बंधन असते. ज्या देशाविरुद्ध ती पुकारली जाते त्याच्या सीमेवर कोणी पहारेकरी उभा असेलच असे नाही. बंदी पाळण्याची जबाबदारी प्रत्येक सदस्यराष्ट्रावर असते आणि ते राष्ट्र आपले सीमाशुल्क खाते, निर्यात परवाने व फौजदारी कायदे यांच्या आधारे ती पार पाडते.

सुरक्षा परिषदेच्या ठरावांत साधारणपणे ‘सर्व प्रकारची शस्त्रे व तत्संबंधी साहित्य’ अशा आशयाची व्यापक शब्दयोजना असते. तिच्यात शस्त्रे, दारूगोळा, लष्करी वाहने, निमलष्करी पोलिसांची साधने आणि सुटे भाग यांचा समावेश होतो. अलीकडच्या ठरावांत तांत्रिक साहाय्य, लष्करी प्रशिक्षण, आर्थिक मदत आणि भाडोत्री सैनिक पुरविणे यांनाही मनाई असते. काही बंदी एकतर्फी असतात, म्हणजे केवळ आयातीला लागू होतात. लिबियावरील २०११ ची किंवा एरिट्रियावरील २००९ ची बंदी दुतर्फी होती. या देशांना शस्त्रे पुरविण्यास जशी मनाई होती, तशीच त्यांच्याकडून शस्त्रे घेण्यासही होती.

व्याप्ती ठरविताना सर्वांत अवघड प्रश्न दुहेरी उपयोगाच्या वस्तूंचा असतो. मालमोटार, बिनतारी संदेशयंत्र, हेलिकॉप्टर, रात्री दिसण्याची दुर्बीण ही साधने नागरी जीवनात जशी लागतात तशीच रणांगणावरही लागतात. त्यांचा समावेश करायचा की नाही यावर बंदीचा काटेकोरपणा ठरतो.

पूर्वपीठिका

दोन महायुद्धांमधील काळात शस्त्रास्त्रबंदीचे अनेक प्रयोग झाले. १९३५ साली इटलीने इथिओपियावर आक्रमण केले, त्याच वर्षी अमेरिकेने तटस्थतेचा कायदा करून युद्धमान पक्षांना शस्त्रे विकण्यास मनाई केली होती. ही मनाई दोघांनाही सारखीच होती. परंतु इटलीचे स्वतःचे शस्त्रकारखाने होते, तर इथिओपियाला शस्त्रे बाहेरूनच आणावी लागत होती. राष्ट्रसंघाने मात्र केवळ इटलीवर शस्त्रबंदी घातली आणि इथिओपियाला ती लागू केली नाही. तथापि खनिज तेल या निर्बंधांतून वगळण्यात आले. इटलीच्या युद्धयंत्रणेला तेलाची नितांत गरज असल्यामुळे ही त्रुटी फार मोठी ठरली.

१९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटल्यावर युरोपातील बहुतेक देशांनी दोन्ही बाजूंना शस्त्रे न पुरविण्याचा करार केला. करारावर सही करणाऱ्या जर्मनीने व इटलीने जनरल फ्रँकोच्या बंडखोरांना विमाने व सैन्य पाठविणे चालूच ठेवले, तर सोव्हिएत संघाने प्रजासत्ताकाला मदत केली. ब्रिटनकडून व (बहुतांशी) फ्रान्सकडून शस्त्रे मिळण्याचा मार्ग मात्र कायदेशीर शासनाला बंद झाला. नंतरच्या काळातील बंदींवर जे आक्षेप घेतले गेले, त्यांपैकी बहुतेकांची बीजे या दोन घटनांत आढळतात.

कायदेशीर आधार

संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेचे सातवे प्रकरण हा आजच्या शस्त्रास्त्रबंदीचा मुख्य आधार आहे. अनुच्छेद ३९ अन्वये शांततेला धोका आहे, शांततेचा भंग झाला आहे किंवा आक्रमण झाले आहे, हे सुरक्षा परिषद ठरविते. अनुच्छेद ४१ अन्वये तिला सैन्यबळाचा वापर न करता निर्बंध घालता येतात. अनुच्छेद २५ मुळे परिषदेचे निर्णय सर्व सदस्यराष्ट्रांवर बंधनकारक होतात. अनुच्छेद १०३ नुसार सनदेखालील कर्तव्ये इतर कोणत्याही करारातील कर्तव्यांहून वरचढ मानली जातात. त्यामुळे विक्रीचा करार आधीच झाला आहे, एवढी सबब बंधनकारक बंदीपुढे टिकत नाही. मात्र ठरावातच तशी सवलत दिलेली असेल तर गोष्ट वेगळी.

असा ठराव संमत होण्यासाठी १५ पैकी किमान ९ सदस्यांची अनुकूल मते लागतात आणि पाच स्थायी सदस्यांपैकी कोणीही नकाराधिकार वापरून चालत नाही. हे स्थायी सदस्य जगातील मोठ्या शस्त्रनिर्यातदारांपैकी आहेत, ही गोष्ट बंदीच्या राजकारणात नेहमी लक्षात ठेवावी लागते.

परिषदेचे आवाहन आणि परिषदेचा आदेश यांतही फरक आहे. दक्षिण आफ्रिकेबाबत १९६३ मध्ये संमत झालेला ठराव क्र. १८१ हे आवाहन होते. १९७७ चा ठराव क्र. ४१८ हा आदेश होता. सदस्यराष्ट्राविरुद्ध घातलेली ती पहिली बंधनकारक शस्त्रास्त्रबंदी होय. तत्पूर्वी १९६६ मध्ये ऱ्होडेशियावर बंधनकारक निर्बंध घालण्यात आले होते, परंतु ऱ्होडेशिया हे मान्यताप्राप्त राष्ट्र नव्हते.

प्रादेशिक संघटनांच्या बंदी स्वतंत्र असतात. तिआनमेन चौकातील हत्याकांडानंतर जून १९८९ मध्ये युरोपीय समुदायाच्या नेत्यांनी चीनला शस्त्रे न विकण्याचे जाहीर केले. ही घोषणा राजकीय स्वरूपाची होती व तिच्यात ‘शस्त्र’ या शब्दाची व्याख्या नव्हती. परिणामी कोणत्या वस्तू बंदीत येतात, याचा अर्थ प्रत्येक देशाने आपापल्या परीने लावला.

कार्यपद्धती

बंदी घातल्यावर सुरक्षा परिषद सहसा त्या देशापुरती एक निर्बंध समिती नेमते. परिषदेचे पंधराही सदस्य या समितीवर असतात व तिचे निर्णय सर्वसंमतीने होतात. सूट मागणारा अर्ज आल्यास तो सदस्यांमध्ये फिरविला जातो. ठरावीक मुदतीत कोणी हरकत घेतली नाही तर अर्ज मंजूर झाला असे समजतात. याचा अर्थ असा की, समितीत एकट्या सदस्याची हरकतही सूट रोखू शकते.

समितीच्या मदतीला बहुधा स्वतंत्र तज्ज्ञांचा गट असतो. हे तज्ज्ञ सापडलेल्या शस्त्रांवरील क्रमांक व काडतुसांवरील खुणा तपासतात, विमानांच्या नोंदी व मालवाहतुकीची कागदपत्रे पाहतात आणि शस्त्रांचा माग मूळ विक्रेत्यापर्यंत काढण्याचा प्रयत्न करतात. त्यांना अटकेचे किंवा जप्तीचे अधिकार नसतात. त्यांचे अहवाल प्रसिद्ध झाल्याने होणारी नाचक्की हेच त्यांचे मुख्य साधन होय.

अपवादांचे प्रकार

कार्यपद्धतीच्या दृष्टीने अपवाद तीन प्रकारचे असतात. काही बाबतींत सूट आपोआप लागू होते व कोणालाही कळवावे लागत नाही. काही बाबतींत समितीला पूर्वसूचना देणे पुरेसे असते. उरलेल्या बाबतींत समितीची पूर्वसंमती घ्यावी लागते. एखादी वस्तू या तीनपैकी कोणत्या गटात टाकायची, यावर परिषदेत पुष्कळदा मूळ बंदीपेक्षाही अधिक वाटाघाटी होतात. आशयाच्या दृष्टीने पुढील अपवाद वारंवार आढळतात.

संरक्षक व मानवतावादी साहित्य. संयुक्त राष्ट्रसंघाचे कर्मचारी, पत्रकार व मदतकार्यकर्ते यांना स्वतःच्या वापरासाठी गोळीरोधक जाकिटे व शिरस्त्राणे तात्पुरती नेता येतात. सोमालियावरील बंदी जानेवारी १९९२ मध्ये लागू झाली. तिला या स्वरूपाची सूट ठराव क्र. १३५६ ने जून २००१ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांहून अधिक काळानंतर, जोडण्यात आली. सुरुंग काढण्याची यंत्रे व प्राणघातक नसलेली इतर साधनेही या वर्गात मोडतात.

शांतिसेना. संयुक्त राष्ट्रसंघाने किंवा त्याच्या परवानगीने प्रादेशिक संघटनेने पाठविलेल्या सैन्याला लागणारी शस्त्रे बंदीतून वगळली जातात. अन्यथा शांतिसैनिकांना बंदीच्या प्रदेशात निःशस्त्रच जावे लागले असते.

शासनाची सुरक्षा दले. यादवी युद्ध ओसरल्यावर नव्या शासनाला पोलीस व सैन्य उभारण्यासाठी शस्त्रे लागतात. अशा वेळी बंदी बंडखोर गटांपुरती मर्यादित केली जाते. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाबाबत २००८ च्या ठराव क्र. १८०७ ने हेच केले.

पूर्वीचे करार. बंदीपूर्वी झालेले विक्रीकरार पुरे करण्यास कधीकधी मुभा असते. युरोपीय संघाने जुलै २०१४ च्या अखेरीस रशियावर घातलेल्या शस्त्रबंदीतून १ ऑगस्ट २०१४ पूर्वीचे करार वगळण्यात आले. फ्रान्सने २०११ मध्ये रशियाशी केलेला दोन मिस्त्राल युद्धनौकांचा करार त्यामुळे कायद्याने निषिद्ध नव्हता. तरीही राजकीय दबावामुळे फ्रान्सने २०१५ मध्ये तो रद्द केला आणि त्या नौका पुढे इजिप्तला विकल्या.

विशिष्ट वस्तू व विशिष्ट कामे. उत्तर कोरियाविरुद्धच्या २००९ च्या ठराव क्र. १८७४ मध्ये त्या देशाला लहान शस्त्रे विकण्यास, समितीला पाच दिवस आधी कळविण्याच्या अटीवर, सूट होती. मार्च २०१६ च्या ठराव क्र. २२७० ने ती काढून घेतली. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकावरील बंदीत सांघा नदीकाठच्या तीन देशांच्या संयुक्त अभयारण्यात गस्त घालणाऱ्या रक्षकांच्या लहान शस्त्रांना सूट देण्यात आली. हस्तिदंताची चोरटी शिकार रोखणे हा तिचा हेतू होता.

प्रमुख उदाहरणे

दक्षिण आफ्रिका (१९७७–१९९४)

सोवेटोमधील १९७६ चा उठाव आणि सप्टेंबर १९७७ मध्ये पोलीस कोठडीत झालेला स्टीव्ह बिको यांचा मृत्यू, या घटनांनंतर ४ नोव्हेंबर १९७७ रोजी ठराव क्र. ४१८ संमत झाला. त्यातील एक वाक्य पुढे अडचणीचे ठरले. शस्त्रनिर्मितीच्या जुन्या परवान्यांचा व करारांचा राष्ट्रांनी ते संपुष्टात आणण्याच्या दृष्टीने फेरविचार करावा, एवढेच त्यात म्हटले होते. ते तत्काळ रद्द करण्याची सक्ती नव्हती. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या ‘आर्मस्कोर’ या सरकारी महामंडळाने परदेशी तंत्रज्ञान मिळवून देशांतर्गत शस्त्रनिर्मिती वाढविली. १५५ मिलिमीटर व्यासाची जी-५ तोफ ही त्याचे ठळक फलित होय. या तोफेच्या घडणीमागील तंत्रज्ञ जेराल्ड बुल यांना दक्षिण आफ्रिकेला बेकायदेशीरपणे साहित्य पुरविल्याबद्दल अमेरिकेत शिक्षाही झाली.

पुढे हा देश स्वतःच शस्त्रे निर्यात करू लागला. तेव्हा १९८४ च्या ठराव क्र. ५५८ ने सर्व राष्ट्रांना त्याच्याकडून शस्त्रे न घेण्याची विनंती केली. मात्र लढाऊ विमानांसारखी गुंतागुंतीची सामग्री स्वबळावर बनविणे त्याला जमले नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अंगोलातील लढाईत त्याचे हवाई वर्चस्व ओसरले, त्याचे एक कारण ही बंदी होते असे अनेक अभ्यासक मानतात. वर्णभेदी राजवट संपल्यावर २५ मे १९९४ रोजी ठराव क्र. ९१९ ने बंदी उठविण्यात आली.

बोस्निया आणि हर्झेगोव्हिना (१९९१–१९९५)

युगोस्लाव्हिया फुटू लागल्यावर २५ सप्टेंबर १९९१ रोजी ठराव क्र. ७१३ ने त्या संपूर्ण देशावर शस्त्रास्त्रबंदी घातली. ठराव एकमताने संमत झाला आणि खुद्द युगोस्लाव्हियाच्या शासनाने त्याला संमती दिली. बोस्निया त्या वेळी स्वतंत्र राष्ट्र नव्हते. मे १९९२ मध्ये ते संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्य झाले, परंतु आधीच्या अखंड देशावरील बंदी त्यालाही लागू राहिली.

याच मे महिन्यात युगोस्लाव्ह लोकसेनेने बोस्नियातून औपचारिक माघार घेतली. जाताना तिने आपले रणगाडे, तोफा व बोस्नियात जन्मलेले सैनिक बोस्नियाई सर्बांच्या नव्या सेनेकडे सोपविले. एका बाजूला अशा रीतीने युरोपातील एका मोठ्या सैन्याची सामग्री आयती मिळाली. दुसऱ्या बाजूला मान्यताप्राप्त शासनाला उघडपणे शस्त्रे घेणे बेकायदेशीर ठरले. ठरावात या शासनासाठी कोणताही अपवाद नव्हता.

सनदेच्या अनुच्छेद ५१ ने प्रत्येक राष्ट्राला स्वसंरक्षणाचा नैसर्गिक हक्क दिलेला आहे. शस्त्रबंदीमुळे हा हक्क निरर्थक होतो, असे बोस्नियाचे म्हणणे होते. आमसभेने डिसेंबर १९९२ च्या ठराव क्र. ४७/१२१ मध्ये बोस्नियाला बंदीतून सूट देण्याचा आग्रह धरला, पण आमसभेचे ठराव सुरक्षा परिषदेवर बंधनकारक नसतात. मार्च १९९३ मध्ये बोस्नियाने आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने वंशसंहार रोखण्याविषयी अंतरिम आदेश दिले, परंतु शस्त्रबंदी दूर केली नाही. २९ जून १९९३ रोजी बंदी उठविण्याचा मसुदा परिषदेपुढे आला. त्याच्या बाजूने ६ मते पडली, विरोधात एकही पडले नाही आणि ९ सदस्य तटस्थ राहिले. आवश्यक ९ मते न मिळाल्यामुळे तो फेटाळला गेला.

बंदी कायम ठेवू इच्छिणाऱ्यांची बाजूही विचारात घेण्यासारखी होती. अधिक शस्त्रे आल्यास युद्ध भडकेल, प्रतिपक्षालाही त्याचे पाठीराखे शस्त्रे देतील आणि जमिनीवर असलेले शांतिसैनिक धोक्यात येतील, असे ब्रिटन व फ्रान्स यांचे मत होते. या दोन्ही देशांचे सैनिक तेथील शांतिसेनेत होते. बंदी मोडून बोस्नियाकडे काही शस्त्रे पोहोचत होतीच. १९९४ पासून इराणहून क्रोएशियामार्गे येणारा पुरवठा त्यांत प्रमुख होता. अमेरिकेने नोव्हेंबर १९९४ मध्ये बोस्नियाविरुद्ध समुद्रावर बंदीची अंमलबजावणी करण्यातून अंग काढून घेतले.

जुलै १९९५ मध्ये, संयुक्त राष्ट्रसंघाने ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केलेल्या स्रेब्रेनिका शहरात आठ हजारांहून अधिक बोस्नियाई मुस्लिम पुरुष व मुलगे ठार मारण्यात आले. डेटन येथील वाटाघाटी सफल झाल्यावर २२ नोव्हेंबर १९९५ च्या ठराव क्र. १०२१ ने बंदी टप्प्याटप्प्याने उठविण्याचे ठरले. स्रेब्रेनिकाविषयीचा संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासचिवांचा अहवाल १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रबंदीने असलेला लष्करी असमतोल गोठवून ठेवला आणि बोस्नियाला त्याच्या स्वसंरक्षणाच्या हक्कापासून वस्तुतः वंचित केले, असा निष्कर्ष त्या अहवालात आहे.

रुआंडा (१९९४–२००८)

एप्रिल १९९४ मध्ये वंशसंहार सुरू झाल्यावर सुमारे सहा आठवड्यांनी, १७ मे रोजी, ठराव क्र. ९१८ ने रुआंडावर शस्त्रबंदी घातली. रुआंडा त्या वेळी स्वतःच सुरक्षा परिषदेचा सदस्य होता. ठरावाच्या शस्त्रबंदीविषयक भागाविरुद्ध पडलेले एकमेव मत त्याच्याच प्रतिनिधीचे होते. जुलैमध्ये ती राजवट कोसळली आणि बंदीचा भार नव्या शासनावर पडला. म्हणून ऑगस्ट १९९५ मध्ये ठराव क्र. १०११ ने शासनापुरती बंदी स्थगित केली. शेजारच्या देशांत पळून गेलेल्या जुन्या सैन्याला मात्र ती लागू राहिली. राजवट बदलली की बंदीचा रोख बदलावा लागतो, याचे हे उदाहरण आहे.

सिएरा लिओन (१९९७–२०१०)

लोकनियुक्त राष्ट्राध्यक्ष अहमद तेजान काबा यांना पदच्युत करणाऱ्या लष्करी गटाविरुद्ध ऑक्टोबर १९९७ मध्ये ठराव क्र. ११३२ संमत झाला. त्यात ‘सिएरा लिओनला’ शस्त्रे पुरविण्यास मनाई होती. ज्यांना परत सत्तेवर आणायचे त्या काबांच्या समर्थक दलांना ती लागू होते की नाही, हे स्पष्ट केलेले नव्हते. ‘सँडलाइन’ या ब्रिटिश कंपनीने १९९८ च्या आरंभी काबांच्या बाजूसाठी शस्त्रे पाठविली, तेव्हा ब्रिटनमध्ये मोठा वाद झाला व अधिकृत चौकशी करावी लागली. जून १९९८ मध्ये ठराव क्र. ११७१ ने ही संदिग्धता दूर केली. शासनावरील बंदी उठली आणि ती बिगरशासकीय दलांपुरती राहिली.

सोमालिया (१९९२–२०२३)

सोमालियावरील बंदी जवळजवळ ३२ वर्षे टिकली. तिच्या इतिहासात अपवादांचा क्रमाक्रमाने झालेला विस्तार पाहावयास मिळतो. प्रथम संरक्षक साहित्याला, मग आफ्रिकी शांतिसेनेला आणि त्यानंतर सोमाली सुरक्षा संस्थांच्या उभारणीला सूट मिळाली. मार्च २०१३ मध्ये ठराव क्र. २०९३ ने संघीय शासनाच्या सुरक्षा दलांवरील बंदी एका वर्षासाठी शिथिल केली. विमानविरोधी क्षेपणास्त्रे, १२.७ मिलिमीटरपेक्षा मोठ्या व्यासाच्या तोफा, ८२ मिलिमीटरपेक्षा मोठ्या उखळी तोफा आणि रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रे यांना ही सवलत नव्हती.

या सवलतीचा गैरवापर झाला. शासनाकडे आलेली काही शस्त्रे टोळीप्रमुखांकडे व खुल्या बाजारात जात असल्याचे निरीक्षक गटाने २०१४ मध्ये परिषदेला कळविले. त्यानंतर सूट रद्द न करता शस्त्रांची नोंद, साठवण व वाटप यांविषयीच्या अटी कडक करण्यात आल्या. १ डिसेंबर २०२३ रोजी शासनावरील बंदी पूर्णपणे उठविण्यात आली. अल-शबाब या संघटनेविरुद्धचे निर्बंध स्वतंत्र ठरावाने चालू राहिले.

लिबिया (२०११ पासून)

२६ फेब्रुवारी २०११ च्या ठराव क्र. १९७० ने लिबियावर संपूर्ण शस्त्रबंदी घातली. तीन आठवड्यांनी, १७ मार्च रोजी, ठराव क्र. १९७३ संमत झाला. नागरिकांच्या रक्षणासाठी, शस्त्रबंदीचे कलम असतानाही, सर्व आवश्यक उपाय योजण्याची अनुमती त्याने दिली. ‘शस्त्रबंदीचे कलम असतानाही’ या आशयाच्या शब्दांवरून मोठा मतभेद झाला. फ्रान्सने नफूसा पर्वतप्रदेशातील बंडखोरांना विमानातून शस्त्रे टाकल्याचे जून २०११ मध्ये मान्य केले आणि हे कृत्य ठरावाला धरूनच असल्याचे सांगितले. रशियाने हा अर्थ नाकारला.

गद्दाफी राजवटीच्या पतनानंतर सप्टेंबर २०११ मध्ये ठराव क्र. २००९ ने नव्या शासनासाठी सूट दिली. पुढे देशात दोन प्रतिस्पर्धी सत्ताकेंद्रे निर्माण झाली व दोघांनाही बाहेरून शस्त्रे मिळत राहिली. युरोपीय संघाने मार्च २०२० मध्ये भूमध्य समुद्रात ‘इरिनी’ ही देखरेख मोहीम सुरू केली, परंतु जमिनीवरून व हवाई मार्गाने येणारा माल समुद्रावरील जहाजांना रोखता येत नाही. ही बंदी पूर्णतः निष्प्रभ ठरली असल्याचे तज्ज्ञ गटाने मार्च २०२१ च्या अहवालात नमूद केले.

बंदीचे उल्लंघन

बेकायदेशीर शस्त्रव्यवहार बहुधा वरकरणी कायदेशीर दिसणाऱ्या कागदपत्रांच्या आधारे होतात. शस्त्रे निर्यात करताना खरेदीदार देशाकडून अंतिम वापरकर्ता प्रमाणपत्र घेतले जाते. आपण हा माल स्वतःच वापरू, तिसऱ्याला देणार नाही, अशी हमी त्यात असते. हे प्रमाणपत्र बनावट असू शकते किंवा खऱ्या प्रमाणपत्रावर आलेला माल पुढे वळविला जाऊ शकतो. मार्च १९९९ मध्ये युक्रेनमधून ६८ टन शस्त्रे बुर्किना फासोच्या प्रमाणपत्रावर त्या देशाच्या राजधानीत उतरली. तेथून ती लहान विमानाने लायबेरियाकडे नेण्यात आली. सिएरा लिओनविषयक तज्ज्ञ गटाने हा व्यवहार डिसेंबर २००० च्या अहवालात उघडकीस आणला.

बंदी मोडल्याबद्दल प्रत्यक्ष शिक्षा क्वचितच होते, कारण खटला सदस्यराष्ट्रांच्या न्यायालयांतच चालवावा लागतो. लायबेरियात लाकडाचा व्यापार करणाऱ्या एका डच व्यावसायिकाला, चार्ल्स टेलर यांच्या राजवटीला बंदी मोडून शस्त्रे पुरविल्याबद्दल व युद्धगुन्ह्यांतील सहभागाबद्दल, नेदरलँड्सच्या अपील न्यायालयाने २०१७ मध्ये १९ वर्षांची शिक्षा सुनावली. असे निकाल विरळा आहेत.

भारताशी संबंध

वर्णभेदाच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद करणारा भारत हा पहिला देश होता. त्याने हा निर्णय १९४६ मध्ये घेतला. सुरक्षा परिषदेचे अनुच्छेद ४१ खालील निर्णय अमलात आणण्यासाठी आदेश काढण्याचा अधिकार केंद्र शासनाला संयुक्त राष्ट्रे (सुरक्षा परिषद) अधिनियम, १९४७ अन्वये मिळाला आहे. शस्त्रव्यापार करारावर २ एप्रिल २०१३ रोजी आमसभेत मतदान झाले, तेव्हा भारत तटस्थ राहिला. डिसेंबर २०१७ मध्ये तो निर्यात नियंत्रणविषयक वासेनार व्यवस्थेचा सदस्य झाला.

भारतीय उपखंडाने एका राष्ट्राने घातलेल्या बंदीचाही अनुभव घेतला आहे. सप्टेंबर १९६५ च्या युद्धात अमेरिकेने भारत व पाकिस्तान या दोघांचाही शस्त्रपुरवठा थांबविला. पाकिस्तानचे रणगाडे व विमाने मुख्यतः अमेरिकी बनावटीची होती, तर भारताची सामग्री निरनिराळ्या देशांतून आलेली व काही अंशी स्वदेशी होती. त्यामुळे या बंदीची झळ पाकिस्तानला अधिक बसली आणि तो चीनकडे वळला. पुढे बंदीला अपवाद जोडले गेले. १९६७ मध्ये सुटे भाग विकण्यास मुभा मिळाली. ऑक्टोबर १९७० मध्ये ‘एकवेळचा अपवाद’ म्हणून पाकिस्तानला चिलखती वाहने व विमाने देऊ करण्यात आली.

मार्च १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात लष्करी कारवाई सुरू झाल्यावर अमेरिकेने नवे परवाने देणे थांबविले. पूर्वी दिलेल्या परवान्यांवरील माल मात्र जातच राहिला. लष्करी साहित्य घेऊन ‘पद्मा’सारखी पाकिस्तानी जहाजे अमेरिकी बंदरांतून निघत असल्याचे वृत्त जूनमध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा भारताने तीव्र निषेध नोंदविला. बाल्टिमोर बंदरात निदर्शकांनी छोट्या होड्या आडव्या घालून ‘पद्मा’ची वाट अडविण्याचा प्रयत्न केला. उरलेले परवाने नोव्हेंबर १९७१ मध्ये रद्द झाले. १९६५ पासून या ना त्या स्वरूपात चालत आलेली ही बंदी फेब्रुवारी १९७५ मध्ये उठविण्यात आली.

बंदी मोडल्याचे परिणाम भारतीय सैनिकांनीही भोगले आहेत. सिएरा लिओनमधील बंडखोरांना लायबेरियामार्गे शस्त्रे मिळत असताना, मे २००० मध्ये त्यांनी कैलाहून येथे शांतिसेनेतील दोनशेहून अधिक भारतीय सैनिकांना वेढा घातला. जुलैमध्ये ‘ऑपरेशन खुकरी’ या मोहिमेद्वारे त्यांची सुटका करण्यात आली.

मूल्यमापन

शस्त्रास्त्रबंदीचे समर्थक तिच्या तीन गुणांकडे लक्ष वेधतात. सर्वसाधारण आर्थिक निर्बंधांप्रमाणे तिचा भार सामान्य जनतेच्या अन्न व औषधांवर थेट पडत नाही. तिच्यामुळे शस्त्रे महाग होतात, सुटे भाग दुर्मीळ होतात व जड सामग्री निकामी होत जाते. शिवाय आंतरराष्ट्रीय समाजाचा निषेध ती औपचारिकपणे नोंदविते.

टीकाकारांच्या मते बंदी अनेकदा उशिरा येते आणि तोवर साठे भरलेले असतात. लहान शस्त्रे दीर्घकाळ टिकतात व सहज लपवून नेता येतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत तिचा प्रभाव कमी पडतो. बलाढ्य राष्ट्रांचे हितसंबंध जेथे गुंतलेले असतात तेथे ती लागूच होत नाही किंवा कागदावर राहते. सर्वांत गंभीर आक्षेप तिच्या तटस्थतेविषयीचा आहे. ज्याच्याजवळ शस्त्रे आहेत आणि ज्याच्याजवळ नाहीत, अशा दोघांना एकच नियम लावल्यास पहिल्याचे वर्चस्व पक्के होते.

बोस्नियाच्या अनुभवानंतर संपूर्ण देशावर सरसकट बंदी घालण्याऐवजी विशिष्ट गट व व्यक्ती यांच्यापुरती मर्यादित बंदी घालण्याकडे सुरक्षा परिषदेचा कल वाढला. सूट, पूर्वसूचना व देखरेख यांचे नियमही अधिक तपशिलाने लिहिले जाऊ लागले. या बदलामुळे आक्रमित शासनाला स्वसंरक्षणाची वाट मोकळी राहते. मात्र शासनाच्या नावे आलेली शस्त्रे अन्यत्र जाण्याची शक्यता त्यातून वाढते, हे सोमालियाच्या उदाहरणावरून दिसून आले आहे.

हेही पाहा

संयुक्त राष्ट्रसंघाची सनद
संयुक्त राष्ट्रसंघ सुरक्षा परिषद
आंतरराष्ट्रीय न्यायालय
शस्त्रव्यापार करार
स्रेब्रेनिका हत्याकांड
वासेनार व्यवस्था